विश्लेषण : पाळणाघर, मोबाइल आणि मार... मुलाचे वागणे नेमके कशाने घडते?

खारघरमधील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आया मारत असल्याचे सीसीटीव्ही चित्रण नोव्हेंबर २०१६ मध्ये समोर आले आणि राज्यभर खळबळ उडाली. पनवेल महापालिका स्थापन होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आयाला अटक झाली, पाळणाघराच्या चालकांवर गुन्हा दाखल झाला आणि काही दिवस प्रत्येक वाहिनीवर तेच दृश्य फिरत राहिले. त्या चर्चेत कायद्यापेक्षा जास्त बोलले गेले ते आईबद्दल. नोकरी करणाऱ्या आईने मूल परक्याच्या हाती का द्यावे, हा प्रश्न समाजमाध्यमांवर उघडपणे विचारला गेला. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्यात हा प्रश्न आजही घराघरांत आहे, फक्त त्याचे शब्द बदलले आहेत. मूल हट्टी झाले, मोबाइलशिवाय जेवत नाही, शाळेत मुलांना मारते, कोणाशी बोलत नाही, तर चूक कोणाची? पालकांच्या वागण्याचा मुलांच्या वागण्यावर खरोखर किती परिणाम होतो आणि त्याबद्दल संशोधन काय सांगते, याचा हा आढावा.

पनवेलमध्येच हा प्रश्न इतका टोकदार का?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. जुन्या गावात वाडे होते, आळ्या होत्या, आजूबाजूला आगरी-कोळ्यांची गावठाणे होती. मूल कोणाच्या अंगणात खेळते आहे, यावर चार घरांची नजर असे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, शेतजमिनी संपादित झाल्या आणि पुढच्या काही दशकांत भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली तेव्हा तिच्या हद्दीत नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर असे सिडकोचे नोड आणि भोवतालची अनेक गावे आली. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे पाच लाख होती. त्यानंतरची वाढ डोळ्यांना दिसते आहे.

या नव्या वस्तीतले बरेच पालक सातारा, सांगली, जळगाव, बीड किंवा तळकोकणातून आलेले आहेत, तर काही थेट उत्तर प्रदेश, बिहार किंवा केरळमधून. आजी-आजोबा गावी. हार्बर मार्गावर पनवेलहून सीएसएमटी गाठायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय हे अंतर धरले तर दिवसाचे तीन-साडेतीन तास केवळ प्रवासात जातात. सकाळी साडेसातला निघालेली आई किंवा बाप रात्री आठला परत येतो. दोन-तीन वर्षांचे मूल नऊच्या सुमारास झोपते, असे धरले तर उरतो एक तास. त्याच तासात स्वयंपाक असतो, उद्याचा डबा असतो आणि मोबाइलवर येणारे कार्यालयाचे संदेशही असतात. मुलाशी कसे वागावे याचा कोणताही सल्ला या एका तासात बसतो का, हे आधी पाहायला हवे. बहुतेक सल्ले तिथेच फसतात.

पाळणाघरात वाढलेले मूल बिघडते का?

या प्रश्नावर सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. तेथील बालआरोग्य संस्थेने १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून पौगंडावस्थेपर्यंत माग काढला. कोण घरी वाढले, कोण पाळणाघरात, किती तास, कोणत्या दर्जाच्या, अशी सगळी नोंद ठेवली गेली. निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या लोकांना थोडा निराश करणारा निघाला. पाळणाघरात गेल्यामुळे मुलाचे आईशी असलेले नाते तुटत नाही. पाळणाघराचा दर्जा चांगला असेल तर मुलांची भाषा आणि आकलन किंचित चांगले राहते. पाळणाघरातले तास खूप जास्त असतील तर शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आक्रमक किंवा न ऐकण्याचे वागणे थोडे अधिक दिसते, पण ते सर्वसाधारण मर्यादेतच असते. आणि या सगळ्याहून जास्त फरक पडतो तो घरातल्या वातावरणाने, म्हणजे आईवडील मुलाला किती प्रतिसाद देतात याने. मूल दिवसभर कुठेही असले तरी.

हा अभ्यास अमेरिकेचा आहे, हे विसरता येत नाही. तिथल्या ‘सर्वसाधारण’ पाळणाघराची तुलना कामोठ्यातल्या वन-बीएचकेमध्ये पंधरा मुले सांभाळणाऱ्या पाळणाघराशी थेट होत नाही. अशी कित्येक पाळणाघरे शेजारच्या काकू किंवा मावशी आपल्याच घरात चालवतात. त्यातल्या अनेकजणी जीव लावून मुले सांभाळतात. पण एका बाईकडे सहा तान्ही बाळे असतील तर तिची माया कितीही असो, हात दोनच असतात. तीन बाळे एकाच वेळी रडू लागली की काय होते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून पाळणाघराचा दर्जा मोजताना संशोधक भिंतींवरची कार्टून मोजत नाहीत. एका सांभाळणाऱ्या व्यक्तीमागे मुले किती आणि ती व्यक्ती वारंवार बदलते का, या दोन गोष्टी आधी पाहतात.

दुसरी बाब वयाची. साधारण आठ-दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत बाळ आईपासून दूर होताना मोठ्याने रडते. हे बिघडल्याचे नव्हे, नाते जुळल्याचे लक्षण आहे. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ महिलेने पन्नासच्या दशकात युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेत आई आणि बाळांचे निरीक्षण केले. आई गेल्यावर बाळ रडते की नाही, यापेक्षा ती परत आल्यावर ते तिच्याकडे झेपावून शांत होते का, हे महत्त्वाचे, असे त्यातून पुढे आले. म्हणून सकाळच्या रडण्याने घाबरून जाण्यापेक्षा संध्याकाळचे भेटणे पाहणे जास्त उपयोगाचे. आणलेले मूल रोज गप्प, अंग चोरणारे, विशिष्ट व्यक्तीला पाहून दचकणारे दिसत असेल, झोप आणि खाणे अचानक बदलले असेल, अंगावर वळ असतील, तर मात्र ते ‘सवय होईल’ म्हणून सोडून देण्यासारखे नसते. दहा महिन्यांचे मूल तक्रार करू शकत नाही.

खारघरनंतर कायद्यात काय बदलले?

त्या वेळी खासगी पाळणाघरांसाठी राज्यात स्वतंत्र परवाना पद्धत नव्हती. पाळणाघर काढायला जागा आणि पाटी पुरेशी होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा मिळाली. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. केंद्राने २०१८ मध्ये अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक कर्मचारी, असे प्रमाण त्यात धरले आहे.

कागदावर हे चांगले आहे. पण कार्यालय फोर्टला आणि घर कामोठ्याला असेल तर सकाळच्या हार्बर लोकलमध्ये सहा महिन्यांचे बाळ घेऊन कोण चढणार? कार्यालयातले पाळणाघर हा उपाय कार्यालयाजवळ राहणाऱ्यांसाठी आहे. शिवाय पन्नासच्या आत कर्मचारी असलेली दुकाने, दवाखाने, शिकवण्या, तसेच घरकाम करणाऱ्या बायका या साऱ्या कायद्याच्या बाहेरच राहतात. बापाच्या रजेबाबत तर खासगी क्षेत्रात कायदेशीर बंधनच नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, तेवढेच. ‘आईने मूल परक्याच्या हाती का द्यावे’ असे विचारणाऱ्या कोणी ‘बाप कुठे होता’ असे २०१६ मध्ये फारसे विचारले नव्हते.

आणखी एक मुद्दा. त्या पाळणाघरात कॅमेरे होते. कॅमेऱ्याने मारहाण थांबवली नाही, तिचा पुरावा दिला. त्यानंतर या पट्ट्यातील पाळणाघरांच्या जाहिरातीत ‘सीसीटीव्हीची सोय’ हे पहिले वाक्य झाले, हे समजण्यासारखे आहे, पण पुरेसे नाही.

हट्ट कसा तयार होतो?

पनवेल स्थानकाबाहेर खेळण्यांची हातगाडी आहे, असे समजू. चार वर्षांचे मूल गाडी मागते. आई नाही म्हणते. मूल भोकाड पसरते. आई पुन्हा नाही म्हणते, मूल जमिनीवर लोळते, चार माणसे वळून पाहतात, रिक्षावाला हॉर्न वाजवतो आणि आई वैतागून पन्नास रुपये काढते. मूल गप्प. सर्वांना हायसे वाटते.

अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घरोघरी जाऊन नेमक्या याच प्रसंगांची नोंद घेतली आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की या प्रसंगात एकटे मूल शिकत नाही, दोघेही शिकतात. मूल शिकते की ओरडण्याचा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की नकाराचा होकार होतो. आई शिकते की दिले की शांतता मिळते. पुढच्या वेळी दोघेही तिथूनच सुरू करतात. अभियांत्रिकीच्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे, प्रत्येक फेरीला जोर वाढवणारा. आणि आई दहापैकी नऊ वेळा ठाम राहून एकदाच नमली तर हट्ट कमी न होता अधिक चिवट होतो, कारण आता ‘आज कदाचित मिळेल’ ही आशा लागलेली असते. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस याच आशेवर दर आठवड्याला तिकीट घेतो.

याचे दुसरे टोकही तितकेच परिचित आहे. मूल लोळते, बाप तिथेच एक ठेवून देतो, मूल हबकून गप्प होते. तेही दोघे शिकतात. बाप शिकतो की मारल्यावर काम होते. मूल शिकते की आपल्याहून लहान कोणी ऐकले नाही तर काय करायचे.

डायना बाउमरिंड यांनी साठच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कलीमध्ये बालवाडीतली मुले आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास करून पालकांचे प्रकार सांगितले. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्यांची दोन मोजमापांत मांडणी केली. एक मोजमाप मायेचे आणि प्रतिसादाचे, दुसरे शिस्तीचे आणि अपेक्षांचे. दोन्ही भरपूर असतील तर ठाम पण प्रेमळ पालक. शिस्त आहे, माया दिसत नाही, तर हुकूमशाही. माया आहे, शिस्त नाही, तर लाडावणारे. दोन्ही नाहीत, तर दुर्लक्ष करणारे. पहिल्या प्रकारच्या घरातली मुले सरासरीने जास्त आत्मविश्वासाची आणि इतरांशी जुळवून घेणारी असतात, असे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत आढळले. सर्वांत वाईट परिणाम शेवटच्या प्रकारात दिसतात.

इथेही एक पाचर आहे. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवले की चिनी कुटुंबांत जे पाश्चात्त्य मोजपट्टीवर हुकूमशाही दिसते, ते घरातल्या मंडळींच्या लेखी काळजी आणि शिकवण असते. मराठीत ‘वळण लावणे’ हा शब्द आहे. त्यात धाक आहे, पण सोबत बसणे, दाखवणे, पुन्हा करून घेणेही आहे. संध्याकाळी हातपाय धुऊन बसायचे, पाहुणे आले की पाणी द्यायचे, हे कोणी एका भाषणाने शिकवत नाही. रोज तेच होत असते म्हणून ते लागते. त्यामुळे पालक कडक आहेत का, एवढे विचारून फार काही कळत नाही. नियम रोज तोच असतो की आईबापाच्या मूडप्रमाणे बदलतो, हे विचारले तर जास्त कळते.

मारल्याने मूल सुधारते का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर भावनेने दिले जाते आणि त्याला कारणही आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिपटीने मारत विहिरीवर पाठवते, हा प्रसंग अनेक पिढ्यांनी वाचला आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातले छडीचे गाणे तर आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात होते. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले?’ हे वाक्य त्याच आठवणीतून येते.

पण श्यामची गोष्ट नीट वाचली तर मार हा तिचा छोटा भाग आहे. आई आधी समजावते. मारते ते पोरगा भित्रा ठरू नये म्हणून, आपला राग काढायला नव्हे. तो परत आल्यावर त्याच्या वळांकडे पाहते, त्याच्याजवळ बसते, रागावलास का विचारते आणि त्याच्यासाठी ठेवलेले दही देते. उरलेल्या पुस्तकभर ती त्याच्याशी बोलत असते. लोकांच्या लक्षात शिपटी राहते, दही राहत नाही.

आता आकडे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. म्हणजे पाळणाघरातल्या आयाचे चित्रण पाहून हळहळलेल्या घरांतही हात उठत असतो, फक्त तिथे कॅमेरा नसतो. दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकता येणार नाहीत. तान्ह्या बाळाला लाथाबुक्क्यांनी मारणे हा गुन्हा आहे आणि अभ्यास न केल्याबद्दलची चापट वेगळी. पण मुलाच्या वागण्यावर होणारा परिणाम मोजताना संशोधकांना यांच्यात ठळक रेषा सापडत नाही, परिणामाची दिशा सारखीच येते, कमी-जास्त प्रमाणात.

एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पाच दशकांतील संशोधन एकत्र केले. त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. ढुंगणावर किंवा हातापायावर हलके मारणे, एवढ्याच मर्यादित माराचा विचार त्यांनी केला होता. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकता, समाजविघातक वागणे, मानसिक त्रास आणि पालकांशी बिघडलेले नाते जास्त आढळले. मार खाल्ल्याने मूल पुढे जास्त ऐकते, असे मात्र दिसले नाही. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. वांड मुलांनाच जास्त मार पडतो, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? काही अभ्यासांत मुलांचा वर्षानुवर्षे माग काढून आधीचे वागणे हिशेबात घेतले गेले. तरीही फरक पूर्ण पुसला गेला नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात, असे चित्र आहे.

‘आपल्याकडे सगळेच मारतात, मुलांना त्याचे काही वाटत नाही’ या युक्तिवादाचीही तपासणी झाली आहे. जेनिफर लान्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतासह सहा देशांतील माता-मुलांचा अभ्यास केला. जिथे मार नेहमीचा मानला जातो तिथे परिणाम सौम्य होतो, हे खरे निघाले. पण नाहीसा होत नाही. जास्त मार खाणारी मुले तिथेही जास्त आक्रमक आणि जास्त चिंताग्रस्त होती.

कायद्याची स्थिती अर्धवट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मारायला बंदी आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाशी क्रूरतेने वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मुलांची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. मात्र १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये संरक्षण आहे. जुन्या दंड संहितेतील कलम ८९ चाच हा नवा क्रमांक. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारावरही बंदी घातली, दक्षिण आशियात नेपाळने २०१८ मध्ये घातली. भारतात घर अजून या बंदीच्या बाहेर आहे.

मोबाइल हातात दिला तर काय होते?

जेवताना मोबाइल ही सवय नव्या पनवेलपुरती नाही, ती वाड्या-पाड्यांवरही आहे. त्यामागे आळस नसतो. एक माणूस, एक गॅस, एक ताट आणि तोंड फिरवणारे मूल असे गणित असते. पडद्याकडे पाहत तोंड उघडले जाते, काम वीस मिनिटांत आटोपते.

किंमत कुठे मोजली जाते, हे समजायला १९७५ मधला एक प्रयोग उपयोगी पडतो. एडवर्ड ट्रोनिक यांनी आयांना सांगितले, बाळाशी खेळा, मग दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून फक्त पाहत राहा. बाळे आधी हसली, हात हलवले, आवाज काढले. आईचा चेहरा हलत नाही म्हटल्यावर अस्वस्थ झाली, तोंड फिरवू लागली, रडली. तान्ह्या मुलाचे सामाजिक शिक्षण याच देवाणघेवाणीतून होते. ते काहीतरी करते, समोरचा उत्तर देतो, ते पुन्हा काहीतरी करते. पुढे काही संशोधकांनी हाच प्रयोग पालकाच्या हातात मोबाइल देऊन केला. परिणाम त्याच वळणाचा आला. म्हणजे चर्चा नेहमी मुलाच्या हातातल्या मोबाइलची होते, पण आईबापाच्या हातातला मोबाइलही तितकाच हिशेबात धरावा लागतो. दिवसाचा एकच तास मिळत असेल तर जास्तच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाखालील मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असे म्हटले आहे. गावी असलेल्या आजीशी व्हिडीओ कॉल मात्र वेगळा, कारण पलीकडून उत्तर देणारे माणूस असते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. हा निर्णय ग्रामसभेने घेतला, एकट्या घराने नाही, यातच त्याचे बळ आहे. शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज येत असताना एका घरातला टीव्ही बंद ठेवणे कठीण असते. चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न आहे. पण एका मजल्यावरच्या चार घरांनी ठरवले तर ते ग्रामसभेपेक्षा सोपेच आहे.

चार मुलांत मिसळणे कुठे शिकतात?

सामाजिक वाढीचा मोठा भाग आईबापांच्या पाठीमागे होतो. पाच वर्षांचे मूल आठ वर्षांच्या मुलाकडून खेळाचे नियम शिकते, तीन वर्षांच्या मुलाला सांभाळताना थांबायला शिकते. भांडण होते, कट्टी होते, संध्याकाळी बट्टी होते. गावठाणात हे आजही फुकट मिळते. सोसायटीत याच्या जागी वर्ग आले आहेत. स्केटिंग, अबॅकस, चित्रकला, कराटे. तिथे सगळी एकाच वयाची मुले आणि भांडण मिटवायला सर हजर. वर्ग वाईट नाहीत. पण भांडण स्वतः मिटवण्याचा सराव तिथे होत नाही.

मोठ्यांची आपापसांतली विसंगतीही इथे मोजावी लागते. आई नाही म्हणाली की आजीकडे, आजी नाही म्हणाली की बाबांच्या फोनवर, हे तीन वर्षांच्या मुलालाही पटकन कळते. आजी-आजोबा घरात असणे हा मुलासाठी मोठा ठेवा आहे, पण खाण्याचे, झोपेचे आणि मोबाइलचे दोन-तीन नियम सर्वांनी मिळून ठरवले नाहीत तर घरात तीन सरकारे चालतात. पाळणाघरातल्या मावशीही त्यातल्या एक सरकार असतात.

सगळे पालकांवरच अवलंबून आहे का?

नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा माग काढला. काही बाळे जन्मतःच शांत, काही चिडखोर, काही नव्या गोष्टींना बिचकणारी असतात, असे त्यांना आढळले. एकाच घरातली, एकाच पद्धतीने वाढवलेली दोन भावंडे वेगळी का निघतात, याचे एक उत्तर इथे आहे. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये तर असा दावा केला, की मुलांवर आईबापांपेक्षा सवंगड्यांचा प्रभाव जास्त असतो. बहुतेक संशोधकांना तो टोकाचा वाटतो, पण आईबापांना सर्वशक्तिमान समजण्याच्या कल्पनेला त्याने धक्का दिला. मूलही पालकांना घडवते. रात्रभर रडणाऱ्या बाळाची आई आणि सलग आठ तास झोपणाऱ्या बाळाची आई सकाळी सारख्याच संयमाने कशी वागणार?

आणि पालकांच्या संयमाला पैसा, झोप आणि वेळ लागतो. लोकलला उशीर, घराचा हप्ता, कंत्राटी नोकरी हे सगळे घरात येऊन मुलावर निघते. ‘पालकत्व’ हा शब्द आता शिबिरांच्या आणि रील्सच्या बाजारात गेला आहे. महिन्याला हजारो रुपये घेऊन ठाम पण प्रेमळ होण्याचे शिक्षण दिले जाते. पुण्यातून १९८७ पासून निघणारे ‘पालकनीती’ मासिक हेच विषय कमी गाजावाजात मांडत आले आहे. त्याहून आधी १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडमध्ये बालशिक्षणाचे काम उभे केले, तेही आदिवासी पाड्यांवर, जिथे आईबाप मजुरीला गेलेले असत. आईबाप दिवसभर घरी नसतात, ही अडचण नवी नाही. त्या वेळी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली गेली.

पालक काय तपासू शकतात?

पाळणाघर निवडताना कॅमेऱ्याआधी विचारायचे ते असे. एका व्यक्तीमागे किती मुले, त्यातली दोन वर्षांखालची किती? तीच व्यक्ती गेल्या सहा महिन्यांत होती का? न कळवता दुपारी गेले तर दार उघडतात का? मूल जेवले नाही तर काय करतात? आधीपासून मूल ठेवलेल्या दोन पालकांचे क्रमांक देतात का? यातल्या न कळवता जाण्याच्या प्रश्नावर जे पाळणाघर कारणे सांगू लागते, तिथे पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

मुलाला इजा होत असल्याची शंका असेल, मग ती घरात असो, पाळणाघरात किंवा शेजारी, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक २४ तास सुरू असतो. फोन करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे, असे नाही. पालकाचा स्वतःचाच तोल जात असेल, हात उठल्यावर रात्री झोप लागत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. मूल उशिरा बोलू लागले, नजरेला नजर देत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही, अशा वेळी ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात’ म्हणून थांबण्याऐवजी अंगणवाडी किंवा सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी होते, ती मोफत असते.